जोडासाँकोची ठाकुरबाडी : वास्तूचा इतिहास आणि आठवणींचे वाङ्मय

१

जुन्या शहरातील एखाद्या मोठ्या वाड्याचा इतिहास सांगण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला दप्तराचा. खरेदीखते, वाटणीपत्रे, विश्वस्तपत्रे, कर्जरोखे आणि कोर्टातील निवाडे ह्यांच्या आधाराने वास्तू कोणाकडून कोणाकडे गेली, हे त्यात कळते. दुसरा मार्ग आठवणींचा. त्या वास्तूत जन्मलेल्या, वाढलेल्या व तेथून बाहेर पडलेल्या माणसांनी जे लिहून ठेविले असेल, त्यावरून घराचे अंतरंग उभे करावयाचे. पहिल्या मार्गाने मालकी कळते, दुसऱ्याने वहिवाट. इतिहासकाराला दोन्ही हवी असतात. परंतु दोन्ही साधने सारख्या प्रमाणात हाती लागणे दुर्मिळच.

कलकत्त्याच्या जोडासाँको भागातील ठाकूर घराण्याच्या वाड्याविषयी वेगळीच अडचण निर्माण झाली आहे. ह्या वाड्याच्या आठवणी लिहिणारे लोक इतके प्रतिभावान निघाले की, त्यांच्या आठवणींनाच इतिहासाची प्रतिष्ठा मिळाली. देवेंद्रनाथांची 'आत्मजीवनी', रवींद्रनाथांची 'जीवनस्मृति' व 'छेलेबेला', अवनींद्रनाथांची 'घरोया' व 'जोडासाँकोर धारे', ज्ञानदानंदिनी देवींच्या आठवणींचा 'पुरातनी' हा संग्रह, आणि सरलादेवी चौधुराणींचे 'जीवनेर झरापाता', इतके आत्मपर वाङ्मय भारतातील दुसऱ्या एखाद्या नागर वाड्याच्या वाट्यास आले असेल, असे वाटत नाही. ह्या ग्रंथांची गणना सामान्यतः एकाच 'ठाकुरबाडीच्या परंपरे'त केली जाते आणि त्यांतील हकीकती एकमेकींस पूरक मानून एक अखंड चित्र तयार करण्यात येते. हे चित्र मोहक आहे. परंतु ते कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न विचारावयास हवा. प्रत्येक लेखक वाड्याच्या एका विशिष्ट भागातून बोलतो, आणि तो जेथे उभा आहे तेथून त्याला जे दिसत नाही ते त्याच्या ग्रंथात उतरत नाही. ह्या दृष्टीने ह्या ग्रंथांचे परीक्षण करणे आणि त्या सर्वांनी मिळून वाड्यातील कोणती जागा अंधारात ठेविली आहे ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम वास्तूचा वृत्तान्त थोडक्यात पाहिला पाहिजे. 'जोडासाँको' ह्या नावाचा अर्थ जोडपूल असा आहे. बंगालीतील 'साँको' आणि कोकणातील 'साकव' ही एकाच कुळातील रूपे. हे घराणे मूळचे कुशारी. 'ठाकूर' हे नाव लोकांनी त्यांना दिलेले आणि 'टागोर' हा त्याचाच इंग्रजी उच्चाराने झालेला अवतार. पिराली ब्राह्मण म्हणून कर्मठ समाजात ह्या कुळाला उणेपणा मानला जाई. त्यांचा पाण्यापुरता व्यवहार चालत असला, तरी सोयरिकी जुळविताना अडचण पडे. ही गोष्ट पुढे वाड्याच्या रचनेवरही परिणाम करणारी ठरली.

पाथुरियाघाटा येथील मूळ घरातून नीलमणी ठाकूर १७८४ च्या सुमारास वेगळे झाले आणि त्यांनी जोडासाँको येथे वैष्णवचरण सेठ ह्यांच्याकडून मिळालेल्या जागेवर बिऱ्हाड थाटले. वाड्याला खरे वैभव आले ते नीलमणींचे नातू द्वारकानाथ (१७९४-१८४६) ह्यांच्या काळात. द्वारकानाथांनी जमीनदारी सांभाळली, कायद्याचे ज्ञान मिळविले, कंपनी सरकारच्या मीठ, अफू व जकात खात्यात दिवाणगिरी केली. १८२९ मध्ये युनियन बँकेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १८३४ मध्ये सरकारी चाकरी सोडून 'कार, टागोर आणि कंपनी' ही पेढी काढली. १८३६ मध्ये राणीगंजची कोळशाची खाण घेतली. नीळ, रेशीम, साखर, आगबोटी, चीनकडे अफू नेणाऱ्या जहाजांतील भागीदारी असा त्यांच्या व्यवहाराचा विस्तार होता. १८२३ मध्ये मूळ घराशेजारी त्यांनी नवी इमारत उभारली. तिला 'बैठकखाना बाडी' म्हणत. साहेबलोकांच्या मेजवान्या, नाचगाणी, खाना आणि मद्य ह्यांची व्यवस्था ह्या नव्या इमारतीत असे. मूळ घरात देवपूजा आणि स्त्रिया.

ही विभागणी केवळ सोयीची नव्हती. द्वारकानाथांच्या पत्नी दिगंबरी देवी ह्या निष्ठावान वैष्णव. पतीचे खाणेपिणे व आचार पाहून त्यांनी शास्त्रज्ञ पंडितांचा सल्ला घेतला आणि पतीची सेवा चालू ठेवूनही त्यांच्याशी सहवास तोडला. कामापुरते बोलणे झाले तरी त्या स्नान करीत, असे घराण्यात सांगत. पतीने नवी वास्तू बांधून वैभव मिळविले, तर पत्नीने जुन्या वास्तूत राहून त्या वैभवावर बहिष्कार घातला. हा वाडा दुभंगला तो पुढच्या पिढीतील वाटणीने, असे समजले जाते. वस्तुतः त्याची पहिली भेग दाम्पत्यातच पडली होती.

द्वारकानाथ १ ऑगस्ट १८४६ रोजी लंडनमध्ये वारले. १८४७-४८ च्या व्यापारी मंदीत युनियन बँक बुडाली आणि पाठोपाठ पेढीही. त्यापूर्वीच, १८४० मध्ये, द्वारकानाथांनी आपल्या काही जमीनदाऱ्या विश्वस्तपत्राने मुलांसाठी सुरक्षित करून ठेविल्या होत्या. वाडा आणि त्यातील पुढील शतकभराची संस्कृती टिकली ती ह्या एका कागदाच्या आधारावर, हे विसरता येत नाही.

पुढची वाटणी देवामुळे झाली. देवेंद्रनाथांनी ब्राह्मधर्म स्वीकारून घरातील मूर्तिपूजा बंद करावयाचे ठरविले, तेव्हा त्यांचे दिवंगत बंधू गिरींद्रनाथ ह्यांच्या पत्नी योगमाया देवी कुलदैवत लक्ष्मीजनार्दन घेऊन मुलांसह बैठकखाना बाडीत गेल्या. ज्या इमारतीत एके काळी साहेबांच्या मेजवान्या झडत तेथे आता कुलदैवताची पूजा होऊ लागली, आणि ज्या घरात दिगंबरी देवींनी सोवळे पाळले तेथील ठाकुरदालनात ब्राह्मोपासनेचे मंत्र घुमू लागले. द्वारकानाथ ठाकूर गल्लीतील ६ क्रमांकाचे घर देवेंद्रनाथांच्या शाखेचे, आणि ५ क्रमांकाचे गिरींद्रनाथांच्या शाखेचे. एका अंगणाच्या दोन बाजूंना दोन धर्म नांदू लागले. तरी नाटके, गाणी, लग्नकार्ये आणि मुलांचे खेळ ह्यांना ती सीमा फारशी अडवीत नसे. १८६७ मध्ये रामनारायण तर्करत्नांचे 'नवनाटक' जोडासाँको नाट्यशाळेने उभे केले ते ५ क्रमांकाच्या घरातील मंडळींच्या पुढाकाराने.

३

ह्या वाड्यातून निघालेले पहिले महत्त्वाचे आत्मचरित्र देवेंद्रनाथांचे. 'आत्मजीवनी' १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ पित्यापासून होत नाही. तो आजीपासून होतो. गंगाकाठी मरणासन्न आजीजवळ बसलेल्या तरुण देवेंद्रनाथांना जो वैराग्याचा व आनंदाचा अनुभव आला, तो ह्या ग्रंथाचा मूलस्रोत आहे. ग्रंथाचा सारा ओघ घरातून बाहेर, नदीकडे, हिमालयाकडे आणि उपनिषदांकडे जाणारा आहे. वाडा येथे येतो तो सोडून जाण्याची जागा म्हणून.

तरीही पेढी बुडाल्याचा प्रसंग त्यांनी आकड्यांसह सांगितला आहे, ही ह्या ग्रंथाची मोठी जमेची बाजू होय. देणे एक कोटीचे, येणे सत्तर लाखांचे, तूट तीस लाखांची, असा हिशेब ते देतात. विश्वस्तपत्राने सुरक्षित असलेली मालमत्ताही धनकोंच्या पुढे ठेवावयास आपण तयार झालो, हे सांगतात. सामानसुमानाचा लिलाव झाला, नोकर कमी केले, राहणी आटोपशीर केली. हा प्रसंग वाचताना लेखकाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका राहत नाही. शंका येते ती त्याच्या अर्थनिर्णयाविषयी. देवेंद्रनाथांच्या कथनात दिवाळखोरी ही ईश्वरी प्रसादासारखी येते. वैराग्याची इच्छा होती आणि संपत्ती आपोआप गेली, असा तो अन्वय. ह्या अन्वयात द्वारकानाथ हे केवळ ओझे जमा करणारे पूर्वज ठरतात. ज्या विश्वस्तपत्रामुळे पुढे कर्जे फेडता आली आणि वाडा राहिला, त्यामागची व्यापारी दूरदृष्टी आध्यात्मिक कथेच्या प्रकाशात मावत नाही. नंतरच्या सर्व ठाकुरबाडी-वाङ्मयाने हाच अन्वय मुकाट्याने स्वीकारला आहे.

४

'जीवनस्मृति' (१९१२) ही निःसंशय ह्या सर्व ग्रंथांतील श्रेष्ठ कलाकृती. आपण इतिहास लिहीत नसून स्मृतीच्या पटावर उमटलेली चित्रे दाखवीत आहोत, असे रवींद्रनाथांनी प्रारंभीच सुचविले आहे. त्यामुळे त्यांच्यावर वस्तुनिष्ठतेचा अभाव आरोपिणे अन्यायाचे होईल. प्रश्न वेगळा आहे. ही चित्रे कोठे बसून काढली आहेत?

ती काढली आहेत नोकरांच्या ताब्यातील खोलीच्या खिडकीतून. 'भृत्यराजक तंत्र' असे ज्याचे वर्णन रवींद्रनाथ करतात त्या कारभारात श्याम नावाचा नोकर मुलाभोवती खडूने रेघ ओढतो, सीतेच्या दुर्दशेची आठवण देतो आणि आपल्या उद्योगास निघून जातो. रेघेतील मुलगा खिडकीतून तळे पाहतो, स्नानास येणाऱ्या शेजाऱ्यांच्या लकबी टिपतो, पारंब्यांनी वेढलेल्या वडाखालचा काळोख न्याहाळतो. एवढ्या प्रचंड वाड्यात मुलाला मिळालेली जागा एका खडूच्या रेघेइतकी होती. ह्या विसंगतीतून 'जीवनस्मृती'चा सारा करुण-विनोदी रस निर्माण झाला आहे. वाडा जितका दुर्गम तितकी कल्पना अधिक धावते. अंतःपुर जवळ असून दूर, बाहेरची बैठक दूर असून ऐकू येणारी, गच्ची दुपारच्या एकांतात गाठावयाची. वास्तूची ही मानसिक रचना भारतीय आत्मचरित्रात ह्यापूर्वी कोणी इतक्या सूक्ष्मतेने केली नव्हती.

येथेच ह्या ग्रंथाची मर्यादाही आहे. आपल्या लहानपणी घरात विलासाचा मागमूस नव्हता, असे रवींद्रनाथ आवर्जून सांगतात. दहा वर्षे उलटेपर्यंत पायमोजे माहीत नव्हते. नियामत शिंपी अंगरख्यास खिसा लावीत नसे, ह्याचेच दुःख. ह्या हकीकती खऱ्या आहेत. परंतु ज्या घरात मुलांवर नेमण्यास वेगळे नोकर, शिकवण्यास कुस्तीपासून शरीरशास्त्रापर्यंत वेगवेगळे गुरू आणि गाण्यास ठेवणीतले गवई होते, त्या घराच्या साधेपणाला गरिबीशी जोडता येत नाही. तो मुलांच्या संगोपनातील साधेपणा होता. घराच्या उत्पन्नाशी त्याचा संबंध नव्हता. वाचक हा भेद विसरतो, कारण शैली त्याला विसरावयास लावते.

मृत्युशोकाच्या प्रकरणातही असेच घडते. आपल्या चोविसाव्या वर्षी ज्या मृत्यूने आपल्याला हादरविले त्याचे वर्णन ते करतात, ते बंगाली गद्याच्या उत्तम नमुन्यांपैकी आहे. पण मृत व्यक्तीचे नाव तेथे येत नाही. ज्योतिरिंद्रनाथांच्या पत्नी कादंबरीदेवी ह्यांनी १८८४ च्या एप्रिलमध्ये ह्याच वाड्यात आत्महत्या केली होती. त्या वाड्यात सून म्हणून आल्या त्या घराण्याच्या चाकरीतील एका कुटुंबातून. पिराली कुळाला बरोबरीच्या घरांतून मुली मिळणे कठीण. त्यामुळे सोयरिकी आश्रितांत व नोकरीतील माणसांत होत, आणि जावई बहुधा घरजावई होऊन राहत. रवींद्रनाथांच्या स्वतःच्या पत्नी मृणालिनीदेवी ह्याही जमीनदारीच्या नोकरीतील गृहस्थाच्या कन्या. म्हणजे ह्या वाड्यात सून होऊन येणाऱ्या मुलीच्या दृष्टीने सासर हे माहेरच्या मालकाचे घर असे. एकाकीपणाला सामाजिक कारण होते. 'जीवनस्मृती'तील मौन सुसंस्कृत संयमाचे आहे, हे मान्य करूनही त्या मौनाने वाड्यातील एक वस्तुस्थिती झाकली गेली, हे नमूद करणे समीक्षकाला भाग आहे.

'छेलेबेला' (१९४०) मध्ये वृद्ध रवींद्रनाथांनी पुन्हा ह्याच काळाकडे वळून पाहिले. येथे भाषा अधिक बोलकी, वस्तूंची नोंद अधिक भरगच्च. एरंडेलाचे दिवे, माघ-फाल्गुनात कावडींनी आणून तळमजल्याच्या अंधाऱ्या खोल्यांत रांजणांत साठविलेले गंगेचे पाणी, आजीच्या काळातील मोडकी पालखी. ही पालखी पडलेली असते ती खजिनदाराच्या कचेरीच्या, म्हणजे 'खातांचीखान्या'च्या ओसरीत. मुलगा तीत बसून मनाने दूरदेशी जातो. पालखी अविस्मरणीय झाली. पण ज्या कचेरीच्या ओसरीत ती होती त्या कचेरीत काय चाले, हे मात्र ग्रंथात डोकावत नाही. वाड्याचा जमाखर्च लिहिणारी ती खोली रवींद्रनाथांच्या बालपणात केवळ पार्श्वभूमी म्हणून उरते.

ह्यावरून रवींद्रनाथांना उत्पन्नाच्या मुळाची जाणीव नव्हती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ज्या वर्षी 'जीवनस्मृति' ग्रंथरूपाने आली त्याच १९१२ साली 'छिन्नपत्र' हा पत्रसंग्रहही आला. शिलाईदह, शहाजादपूर, कालीग्राम येथील जमीनदारीची देखरेख करताना लिहिलेल्या ह्या पत्रांत, विशेषतः पुतणी इंदिरादेवीस लिहिलेल्या पत्रांत, रयत आहे, पूर आहे, कचेरी आहे, आणि आपण जमीनदार असल्याचा संकोचही आहे. दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे लक्षात येते की, लेखकाने एका ग्रंथात वाडा ठेविला आणि दुसऱ्यात त्याचे उत्पन्न. दोहोंना जोडणारे पान मात्र लिहिले नाही. ते जोडून घेणे वाचकाचे काम आहे.

५

५ क्रमांकाच्या घराला अवनींद्रनाथांसारखा (१८७१-१९५१) कथेकरी लाभला. 'घरोया' (१९४१) आणि 'जोडासाँकोर धारे' (१९४४) हे दोन्ही ग्रंथ त्यांनी सांगितले आणि रानी चंद ह्यांनी लिहून घेतले. ह्या ग्रंथांची भाषा बोलण्याची आहे. एक गोष्ट सांगता सांगता दुसरी आठवते, मध्येच नक्कल होते, मध्येच गाणे. शेवटच्या दुखण्यात असताना रवींद्रनाथांना 'घरोया'ची हस्तलिखित पाने वाचावयास मिळाली आणि हरवलेला काळ पुन्हा भेटल्याचा आनंद त्यांना झाला.

रवींद्रनाथांच्या वाड्यात दूरत्व आहे. अवनींद्रनाथांच्या वाड्यात जवळीक. झुंबरे, गालिचे, अत्तरदाण्या, तालमी, पडद्यांवरील रंग, नाटकात ऐन वेळी झालेली फजिती हे सारे येथे चित्रकाराच्या डोळ्याने टिपलेले आहे. गगनेंद्रनाथ, समरेंद्रनाथ व अवनींद्रनाथ हे तिघे भाऊ ज्या दक्षिणेकडील व्हरांड्यात बसून काम करीत, तो आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासातील एक प्रमुख व्हरांडा होय. ह्या शाखेने घरात कुलदैवत ठेविले होते म्हणूनच पारंपरिक सणवार, व्रतांच्या रांगोळ्या, कथाकीर्तन ह्यांच्याशी तिचा संबंध तुटला नाही. अवनींद्रनाथांनी पुढे बंगालच्या व्रतांचा व आल्पनांचा जो अभ्यास केला, त्याची मुळे योगमाया देवींनी उचलून नेलेल्या त्या देव्हाऱ्यापर्यंत पोचतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

अवनींद्रनाथांचा दोष म्हणजे त्यांना सर्व काही रम्यच वाटते. उधळपट्टी ही त्यांच्या सांगण्यात रसिकता होते, कर्ज हे नशीब होते, नोकर ही गमतीदार पात्रे होतात. परंतु ह्या दोषाचे कारण समजून घेतले पाहिजे. १९४१ मध्ये ही गोष्ट सांगितली जात असताना घर हातचे चालले होते. त्याच वर्षी अवनींद्रनाथ जोडासाँको सोडून बराहनगर येथील 'गुप्तनिवास' ह्या भाड्याच्या बागवाड्यात गेले. ५ क्रमांकाचे घर विकले गेले आणि पुढे पाडले गेले. द्वारकानाथांनी वैभवाने बांधलेली, देव आणि चित्रकला ह्या दोहोंना आसरा देणारी ती इमारत आज प्रत्यक्षात नाही. ज्याचे घर हातचे जात आहे तो माणूस हिशेब मांडीत बसत नाही. जे नेता येईल तेवढे बरोबर नेतो. 'घरोया'तील रम्यता ही अशी उचलून नेलेली चीजवस्तू आहे. इतिहासकाराने तिच्याकडे पुरावा म्हणून सावधपणे पाहावे. परंतु ह्या निवेदनाव्यतिरिक्त त्या घरातील हालचालींचा एवढा जिवंत पुरावा दुसरा नाही, हेही त्याने लक्षात ठेवावे.

६

अंतःपुरातून आलेले ग्रंथ संख्येने थोडे आणि प्रसिद्धीने मागे आहेत. ज्ञानदानंदिनी देवी ह्या सत्येंद्रनाथांच्या पत्नी. सत्येंद्रनाथ हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळविणारे पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ मध्ये त्यांनी पत्नीला मुंबईस नेले. त्या वेळी घरच्या सुनेने अंगणातून चालत जाऊन गाडीत बसणे मर्यादेबाहेरचे मानले गेल्यामुळे तिला पालखीतून बोटीपर्यंत पोचविण्यात आले. 'पुरातनी'त त्यांनी आणखी एक प्रसंग सांगितला आहे. सत्येंद्रनाथांनी आपले मित्र मनमोहन घोष ह्यांना रात्री चोरून अंतःपुरात आणले आणि मच्छरदाणीत बसविले. आत मुकाट बसलेल्या त्या दोघांत कोणीच कोणाशी बोलले नाही. हा प्रसंग एकाही अलंकाराशिवाय सांगितला आहे. परंतु सुधारकांच्या घरातील सुधारणा किती खोलीपर्यंत पोचली होती, हे त्यावरून जेवढे कळते तेवढे एखाद्या निबंधावरून कळणार नाही.

मराठी अभ्यासकाला येथे रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' ह्या १९१० मधील ग्रंथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पती सुधारक, घर जुन्या वळणाचे, आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली शिकणारी पत्नी, ही रचना दोन्हीकडे समान आहे. भेद असा की, रमाबाईंना संघर्ष घरातच राहून करावा लागला, तर ज्ञानदानंदिनींना मुंबई इलाख्याने वाड्याबाहेरची जागा दिली. पारशी स्त्रियांच्या पद्धतीवरून त्यांनी साडी नेसण्याची जी रीत रूढ केली ती मुंबईहून जोडासाँकोत गेली आणि तेथून बंगालभर पसरली. सत्येंद्रनाथांनी तुकारामांचे अभंग बंगालीत आणले. त्यांच्या 'आमार बाल्यकथा ओ बोम्बाइ प्रवास' (१९१५) ह्या ग्रंथात जोडासाँको आणि महाराष्ट्र एकाच बासनात बांधलेले आहेत. १८७८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी रवींद्रनाथ मुंबईस प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग ह्यांच्या घरी राहिले, तेही ह्याच संबंधातून. १९१७ अखेरीस कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनासाठी जमलेल्या पुढाऱ्यांपैकी लोकमान्य टिळक, गांधीजी आणि बेझंटबाई ह्यांनी 'डाकघर'चा प्रयोग पाहिला तो ह्याच वाड्याच्या 'विचित्रा' भवनात. तात्पर्य, हा वाडा महाराष्ट्राला परका नव्हता.

सरलादेवी चौधुराणी (१८७२-१९४५) ह्यांचे 'जीवनेर झरापाता' अधिक कठोर आहे. स्वर्णकुमारीदेवींच्या ह्या कन्येने दाईंच्या हाती गेलेले बालपण आणि लेखनात मग्न असलेल्या आईचे दूरत्व निःसंकोचपणे लिहिले आहे. रवींद्रनाथांच्या 'भृत्यराजक तंत्रा'चीच ही दुसरी बाजू. मात्र येथे विनोदाचा मुलामा नाही. एकाच व्यवस्थेतून एकाला कल्पनेचे राज्य मिळाले आणि दुसरीला पोरकेपण. दोहोंतील कोणते खरे, असा वाद व्यर्थ आहे. दोन्ही खरी आहेत, आणि केवळ पहिलेच वाचले जाते ही वस्तुस्थिती ठाकुरबाडीच्या अभ्यासातील उणीव दाखविते. कलादृष्ट्या ह्या स्त्रियांचे ग्रंथ 'जीवनस्मृती'च्या जवळपासही येत नाहीत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु वाड्याचे ज्ञान म्हणून त्यांची योग्यता कमी नाही.

७

ठाकुरदालन, खिडकी, व्हरांडा आणि अंतःपुर अशा चार जागांवरून हा वाडा आतापर्यंत पाहिला. राहिली ती कचेरी. ज्या माणसाने वाड्याला वाडेपण दिले त्या द्वारकानाथांचे स्वतःचे आत्मचरित्र नाही. आणि त्यांच्या व्यवहाराची पुष्कळशी कागदपत्रे पुढे घराण्याकडूनच जाळली गेली, अशी हकीकत ठाकूर परिवारातच नोंदलेली आहे. मुलाने पित्याला वैराग्याच्या पार्श्वभूमीसाठी वापरले, नातवाने आजोबांविषयी जवळजवळ मौन पाळले, पणतवांनी त्यांना 'प्रिन्स' म्हणून दंतकथेत बसविले. द्वारकानाथांच्या व्यापाराचा साधार अभ्यास १९७६ मध्ये ब्लेअर क्लिंग ह्या अमेरिकन इतिहासकाराने प्रसिद्ध केला तो मुख्यतः घराबाहेरच्या दप्तरांच्या आधारे. ज्या घराने एवढ्या आठवणी लिहिल्या, त्या घराच्या संस्थापकाचा व्यवहार समजून घेण्यास बाहेरच्या कागदांकडे जावे लागते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

ह्या मौनाची कारणे शोधणे कठीण नाही. अफू, नीळ आणि खंड ह्यांवर उभे राहिलेले ऐश्वर्य उपनिषदांच्या उपासनेशी व नव्या राष्ट्रीय जाणिवेशी जुळविणे अवघड होते. द्वारकानाथांनी इंग्रजांच्या बरोबरीने भागीदारी केली. नातवंडांच्या पिढीला त्या बरोबरीपेक्षा त्या सहवासाची लाज अधिक वाटली. तथापि ह्या व्यक्तींच्या सचोटीविषयी निवाडा देणे हे समीक्षेचे प्रयोजन नव्हे. तिला एवढेच दाखवावयाचे आहे की, आठवणींचे वाङ्मय जितके समर्थ, तितका त्यातील अभाव अधिक काळजीने तपासावा लागतो. दुबळा लेखक काही गाळतो तेव्हा तेथे भोक दिसते. समर्थ लेखक गाळतो तेव्हा भिंत अखंड दिसते.

६ क्रमांकाच्या घरात ७ मे १८६१ रोजी रवींद्रनाथ जन्मले आणि ७ ऑगस्ट १९४१ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. १९६२ मध्ये ह्या वास्तूत रवींद्रभारती विद्यापीठाची स्थापना झाली आणि वाड्याची खाजगी मालकी संपून तो सार्वजनिक झाला. आता ही वास्तू संग्रहालय म्हणून राखलेली आहे. शेजारची पाडलेली वास्तू मात्र अवनींद्रनाथांच्या शब्दांत राहिली आहे. एका घराला सरकारने वाचविले, दुसऱ्याला वाङ्मयाने. दोन्ही प्रकारच्या जतनात निवड असते, हे जाणून त्यांकडे पाहावे.

ह्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष जोडासाँकोपुरता मर्यादित नाही. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-साताऱ्याच्या वाड्यांविषयीही मराठीत आठवणी लिहिल्या गेल्या आहेत, आणि त्यांचा अभ्यास बहुधा लेखकाच्या व्यक्तिमत्त्वापुरता किंवा भाषेच्या गोडीपुरता थांबतो. अशा ग्रंथाला आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. लेखक वाड्याच्या कोणत्या जागेवरून बोलत आहे? त्याच जागेसमोर राहणारी दुसरी कोणती व्यक्ती काही लिहून गेली आहे काय? आणि ज्या खोलीत वाड्याचा जमाखर्च लिहिला जाई, ती खोली ह्या ग्रंथात उघडी आहे की बंद? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रंथांतून मिळतील. तिसऱ्यासाठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला दप्तरखान्याची पायरी चढावी लागेल. आणि ती चढण्याची तयारी नसेल, तर वाड्याविषयी बोलताना आपण त्याच्या एका खिडकीविषयीच बोलत आहोत, एवढे तरी त्याने कबूल करावे.